एका पत्त्यावर दोघे

शुक्रवार हा आमच्या घरी आईचा वार होता. कुवेतच्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती तिथे तिला शुक्रवारी सुटी असायची, आणि नर्सेसच्या होस्टेलमधला एकुलता एक कंप्युटर दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ तिच्या वाट्याला यायचा. तिकडची दुपार म्हणजे इकडची दिवेलागण. पुलगावची शाळा सुटली की मी सायकल दामटत नाचणगावला घरी यायचे, तोंड धुऊन वेणी पुन्हा घालायचे आणि वरच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचे. खिडकी पश्चिमेची. मावळतीचं ऊन पडद्यावर यायचं, म्हणून मी खिडकीला आईचंच एक जुनं लुगडं टांगून ठेवलं होतं. त्या अर्धवट अंधारात आईचा चेहरा आधी चौकोन चौकोन होऊन यायचा आणि मग हळूहळू आईसारखा दिसायला लागायचा.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर तीन खोल्या. दुकान भांड्यांचं. पितळेचे गुंड, स्टीलचे डबे, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, उभे गंज, छताला टांगलेले झारे. लग्नसराईत देवळी-आंजीकडची माणसं आंदणाची भांडी घ्यायला येत. प्रत्येक भांड्यावर नाव टाकून द्यायचं काम बाबा स्वतः करत. त्यासाठी एक लहानसं विजेचं यंत्र होतं. ते भांड्याला टेकलं की टर्रर्र असा आवाज निघायचा, आणि रिकामा गुंड असला तर तो आवाज आत घुमून वरच्या फरशीतून माझ्या पायांना लागायचा. बाबा खाली आहेत हे मला त्या आवाजावरूनच कळायचं. वर ते फक्त रात्री जेवायला आणि झोपायला येत. स्वभावाने तुसडे नव्हते. बोलायचं काय, हेच त्यांना सुचत नसे. भांड्याच्या भावावरून गिऱ्हाइकाशी तास तास बोलणारा माणूस, ताटावर बसला की "मीठ कमी हाय" किंवा "आज बरं झालं वरण" एवढंच बोलायचा. आई होती तेव्हा त्या दोघांमधलं सगळं बोलणं तीच करायची, त्यांच्या वाट्याचंसुद्धा.

आई आधी वर्ध्याला एका खाजगी दवाखान्यात होती, रोज रेल्वेने अपडाउन करायची. पुलगावची कापडगिरणी बंद पडली, बाजार मंदावला, आणि त्याच सुमारास तिच्यासोबतच्या दोन नर्स आखाती देशात गेल्या. तिनेही अर्ज केला. बाबांना हे तिने सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाटावर बसून अभ्यास करत होते. बाबा म्हणाले, "माह्यं घर मी चालवतो. तुले जायचंच असन तं जा, पण मले विचारू नको." आई म्हणाली, "मी घरासाठी नाई जाऊन राह्यली, वैशूच्या शिक्षणासाठी जाऊन राह्यली." दोघांपैकी कोणीच आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. ती निघाली त्या दिवशी मामा गाडी घेऊन दाराशी आला, आई दुकानाच्या पायरीशी थोडी थांबली, आणि बाबा मान खाली घालून कोणाच्या तरी परातीच्या काठावर नाव टाकत राहिले. यंत्र थांबलं नाही. आईने माझा हात धरला आणि आम्ही गाडीत बसलो.

पुढे तिच्याच आग्रहाने कंप्युटर आला. "पोरगी दिसन तरी मले," असं ती मामाला फोनवर म्हणाली होती. टेलिफोनची तार दुकानात येत होती आणि तिथूनच वरच्या फोनला जात होती, म्हणून इंटरनेटचा डबा, ज्याला सगळे मोडेम म्हणत, तोही खाली फोनशेजारी बसला. त्याच्या पाठीला चार भोकं होती. एका भोकातून निघालेली निळी तार जिन्याच्या कठड्याला बांधत बांधत वर माझ्या खोलीत आणली होती. ज्या माणसाने हे जोडून दिलं त्याने माझ्या कंप्युटरमध्ये काही आकडे हाताने भरले, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दोन, आणि मला बजावलं की हे बदलू नको. कशाचे आकडे, हे मी विचारलं. तो म्हणाला, हा तुझ्या कंप्युटरचा पत्ता. मोडेमचा शेवटचा आकडा एक, तुझा दोन. बाहेरून आलेलं बोलणं मोडेम या पत्त्यावर पोचवतो. मी ते आकडे पाढ्यासारखे पाठ केले. आज माझ्या नागपूरच्या घरात फोन, टीव्ही, आल्यागेल्या पाहुण्यांचे फोन, सगळ्यांना भिंतीवरचा डबा आपल्या आपण पत्ते वाटत असतो आणि माझ्या मुलाला तसे पत्ते असतात हेही ठाऊक नाही. आमच्या घरात मात्र तेव्हा तो एक पत्ता होता आणि तो माझा होता.

बाकीचे वार मी कसे काढले ते सांगायला फारसं काही नाही. सकाळी पोळ्या लाटायच्या, बाबांचा डबा म्हणजे खालीच नेऊन द्यायचं ताट, शाळा, शिकवणी, संध्याकाळचा भात. शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास यायचा आणि कोणीतरी कोणावर तरी ओरडायचं, ते मी कान देऊन ऐकायचे. आमच्या घरात कोणी कोणावर ओरडत नव्हतं. रेडिओ लावला तरी तो दुसऱ्याच्या घरात लावल्यासारखा वाटायचा. एकदा ताप आला तेव्हा बाबांनी दुकानातून नवं कोरं पातेलं आणून त्यात साबुदाण्याची पेज केली, कपाळावर हात ठेवला, आणि हात ठेवून तसेच बसून राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण खालून गिऱ्हाइकाने हाक मारली. शुक्रवारी रात्री जेवताना ते कधी कधी ताटाकडे पाहत विचारायचे, "जेवते का बरोबर थे?" मी "हाव" म्हणायचे. त्यापुढे काही नाही.

मग एका उन्हाळ्यानंतर आईचं बोलणं तुटायला लागलं. आधी आवाज दोन-तीनदा अडखळायचा, मग चेहरा थिजायचा, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, आणि मग सगळंच जायचं. पुन्हा लागलं की थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा यायचा, त्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मी घाईघाईत तो बंद करायचे, कारण तिकडे आईच्या मागे मल्याळी नर्स आपल्या पाळीसाठी उभ्या असत आणि तुटलं की आईची पाळी जायची. विचित्र हे की इतर दिवशी मी शाळेच्या कामासाठी इंटरनेट लावलं तर ते कधी तुटायचं, कधी नाही. शुक्रवारी मात्र हमखास. एकदा तिसऱ्यांदा लागल्यावर आई हळूच म्हणाली, "वैशू, तू तं बंद नाई करत न वं? बोलाचं नसन तं तसं सांग बाई. मी रागावणार नाई." मी काही बोलणार इतक्यात पुन्हा तिचा चेहरा थिजला. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडताना खालून बाबांनी शटर वर ओढल्याचा आवाज आला. शुक्रवारी दिवेलागणीला ते शटर अर्धं ओढून घेत. हिशोब करतात, असं मी समजत होते.

पुलगावला मी कंप्युटरचा एक क्लास लावला होता. तिथले सर वर्ध्याहून येत आणि गाडी चुकेल म्हणून कायम घाईत असत. पुढच्या वेळी मी फुग्यातलं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी वाचून विचारलं, "घरी दुसरा कंप्युटर आहे?"

"खाली दुकानात आहे. पण त्याच्यावर निस्ती बिलं निघतात. त्याले इंटरनेट नाई."

"असलंच पाहिजे," सर म्हणाले. "हे म्हणतंय की तुमच्या घरात दोन कंप्युटर एकच पत्ता सांगून राहिले. मोडेमने टपाल कोणाच्या दारात टाकायचं? जो आधी सुरू झाला तो पत्ता धरून बसतो, नंतरच्याला जागा मिळत नाही. पण तो नंतरचा बंद-सुरू करत राहिला तर दर वेळी मोडेम गोंधळतो आणि पहिल्याचंही अडखळतं." मग त्यांनी उपायही सांगितला. हाताने आकडे भरायचेच नाहीत. मोडेमच्या पानावर जाऊन त्यालाच पत्ते वाटायची परवानगी द्यायची, आणि दोन्ही कंप्युटरना सांगायचं की आपला पत्ता आपण मागून घ्या. तो कधी एकच पत्ता दोघांना देत नाही.

दुकानातला कंप्युटर बाबांनी नव्या कराची पक्की बिलं द्यावी लागतात म्हणून कोणाकडून तरी जुना घेतला होता. त्याला इंटरनेट कोण लावेल, हे मला कळेना. पुढच्या शुक्रवारी आईचा चेहरा अडखळायला लागला तशी मी म्हणाले, "आई, थांब, मी आली," आणि तशीच जिन्याने खाली गेले.

अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उजेडात बाबा कंप्युटरपुढे बसले होते. अंगात धुतलेला शर्ट. केस तेल लावून चापून बसवलेले. त्या कंप्युटरला कॅमेरा नव्हता. मोडेमच्या दुसऱ्या भोकातून एक आखूड तार त्यात गेली होती. पडद्यावर माझ्या पडद्यावर असते तशीच बोलायची खिडकी होती, तिच्यात एकच नाव, आईचं. आणि त्याखाली, जोडणी होऊ शकली नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ. बाबांचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. ते पुन्हा बंद करून पुन्हा सुरू करणार होते.

मला पाहून ते दचकले. मग बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"शुक्रवारी लाइन बिझी राह्यते," ते म्हणाले. "बाकी दिवशी लागते. शुक्रवारीच लागत नाई."

"बाबा, हे आकडे कोणी भरले याच्यात?"

"म्या भरले. तू शाळेत गेलती तव्हा वर जाऊन तुह्या कंप्युटरवरचे पाहून आलो. जसेच्या तसे भरले. एकबी चुकला नाई."

"सारखे नाई चालत, बाबा."

"काऊन? खाली फोन अन वर फोन, दोघायचा नंबर एकच हाय न आपला? वाजला का दोनीकडे वाजते."

मला हसू आलं नाही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी आलं असतं. फोनचं तसं असतं, कंप्युटरचं तसं नसतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी ज्याला आईचं तुटणं समजत होते ते बाबांचं दार ठोठावणं होतं. मी वर बसून पत्ता धरून ठेवत होते आणि ते खाली बसून दर शुक्रवारी तोच मागत होते. दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

"तुम्हाले आईशी बोलायचं होतं तं वर काऊन नाई आले?"

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "तुह्यासमोर काय बोलू?" आणि पडद्यावरच्या आईच्या नावाकडे पाहून, "मले काई बोलाचं नवतं. थे तिकडं बसली का नावाजवळचा थो हिरवा दिवा लागते म्हणते, थो पाहाचा होता."

त्याच रविवारी मी दोन्ही कंप्युटरमधले आकडे पुसले. मोडेमचं पान उघडलं, सरांनी सांगितलेल्या जागी खूण केली आणि दोघांनाही पत्ता मागून घ्यायला लावलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. माझ्या कंप्युटरला दोन मिळाला, त्यांच्या कंप्युटरला तीन. "अन मोडेमले?" त्यांनी विचारलं. एक, मी म्हणाले. "म्हंजे तू मोठी अन मी लहान," ते म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली थट्टा असावी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर कोणीतरी चणे फुटाणे विकत चाललं होतं, बाबांनी त्याला बोलावून मला पुडा घेऊन दिला. आम्ही दोघं गल्ल्याजवळ बसून ते खाल्ले.

शुक्रवारी आईचा चेहरा आला आणि तसाच राहिला. मी तिला म्हणाले, "तुह्याकडं यादीत जोडायले एक नाव आलं असन, आई. त्याले हो म्हण."

"कोणाचं?" तिने विचारलं, पण तिला माहीत होतं. "पाह्यलं मी थे. आलं त्याच दिवशी पाह्यलं. निस्तं नाव पाठवलं, वैशू. एक अक्षर नाई त्याच्यासंगं. जातानाबी एक अक्षर नाई अन आताबी नाई."

मी तिला एका पत्त्यावर दोन कंप्युटर कसे झाले ते सांगितलं. बाबा अर्धं शटर ओढून, धुतलेला शर्ट घालून कसे बसतात, लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बंद-सुरू करतात, आणि त्यानेच आपलं बोलणं तुटत होतं, तेही सांगितलं. आई ऐकत राहिली. तिच्या मागे एक नर्स ओले केस टॉवेलात गुंडाळून उभी होती.

"दर शुक्रवारी?" आईने विचारलं.

"दर शुक्रवारी."

"आताबी बसले हायेत?"

"हाव."

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मागच्या बाईने काहीतरी म्हटलं म्हणून घाईत "येजो पुढच्या शुक्रवारी" असं म्हणून ती गेली. बाबांच्या नावाला तिने हो म्हटलं नव्हतं. खाली शटर वर गेलं. जेवताना बाबांनी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. तो आठवडा फार लांबला. बाबांनी दुकानात यंत्र लावलं की मी वर पाय उचलून बसायचे, फरशीतून येणारा तो आवाज सहन होईना.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी आईला शाळेतलं स्नेहसंमेलन सांगत होते. मला नाटकात काम मिळालं होतं, मोठं नाही, पण चार वाक्यं होती. सांगता सांगता मला दिसलं की आईची नजर माझ्यावर नाही. ती पडद्याच्या दुसऱ्या बाजूला, जरा डावीकडे काहीतरी वाचत होती. "तू सांग न, मी ऐकून राह्यली," ती म्हणाली आणि कळफलकाचा टकटक आवाज माझ्यापर्यंत आला. मी वाक्यं म्हणून दाखवली. ती म्हणाली, "छान. मंग साडी कोणती नेसणार?" मी नाटकात पोस्टमन होते. ते मी आधीच सांगितलं होतं. एवढ्यात जिन्यातून खालून बाबांचं हसणं आलं. मोठ्याने, खुर्ची सरकेल असं. मी ते हसणं विसरूनच गेले होते. आणि ते संपेपर्यंत पडद्यावर आई पदराने, नव्हे, तिकडे ती पंजाबी ड्रेस घालायची, ओढणीने तोंड दाबून हसत होती. दोन देशांत दोघं एकाच वेळी हसत होते, आणि मी वरच्या मजल्यावर दोघांच्या मधे बसले होते. मला खूप आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याचबरोबर असं वाटलं की मी या खोलीत नसले तरी कोणाला काही फरक पडणार नाही.

"आई, मले अभ्यास हाय," मी म्हणाले आणि माझी खिडकी बंद केली. खिडकीवरचं लुगडं काढून घडी केली. ऊन सरळ टेबलावर आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीनेच जेवून घेतलं, बाबांचं ताट झाकून ठेवलं. त्यानंतर शुक्रवारी मी कंप्युटर लावेनाशी झाले. मोडेम माझ्यासाठी राखून ठेवलेला आकडा दुसऱ्या कोणाला देऊ शकत होता, मागायला दुसरं कोणी नव्हतं इतकंच.

पुढच्या मे महिन्यात आई सुटीवर आली. बाबा तिला आणायला नागपूरला गेले आणि दुकान दोन दिवस बंद राहिलं. ती पुन्हा गेली, मी कॉलेजसाठी होस्टेलवर गेले, आणि माझं शिक्षण संपायच्या आत ती कायमची परत आली. आता दोघंही नाचणगावलाच असतात. बाबांना ऐकू कमी येतं, आई त्यांच्या वाट्याचं बोलते. सगळं नीट झालं, म्हणून मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात कोणाचं काही चुकलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. दुपारी गच्चीवर आई आणि मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो, बाबा खाली झोपले होते. आई एकदम म्हणाली, "एक विचारू का वं? मी तिकडं होती तव्हा तू शुक्रवारी बोलाचं काऊन सोडलं होतं?"

"अभ्यास होता न."

"अभ्यास नवता. मी तुह्या बाबाले दर वक्ती विचारो, वर हाय का थे? हाक मारा तिले. हे म्हणत, असू दे, वाचून राह्यली. मले वाटे, पोरीच्या मनात राग हाय. टाकून गेली म्हणून."

"राग नव्हता, आई," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणा, किंवा ऊन छान पडलं होतं म्हणा, मी तिला ते हसणं सांगितलं. खालून आलेलं बाबांचं आणि पडद्यावरचं तिचं. तुमचं दोघांचं जमलं, माझी जागा राहिली नाही, असं वाटलं होतं, एवढंही सांगितलं.

आईने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "मले आठवते थो दिवस," ती म्हणाली. "त्याहीनं लिवलं होतं, पोरगी आंघोळीच्या खोलीत नाटक पाठ करते, अन पोस्टमनचा आवाज काढते तं गल्लीतले कुत्रे भुकतात. त्याच्यावर हसलो आम्ही." मग तिने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दर शुक्रवारी तुह्याबद्दलच बोलत होतो, येडे. आमच्यापाशी दुसरं होतंच काय बोलाले?"